शिबिरात ईसीजी काढताय, मग लिपिड प्रोफाइल का नाही?

कोल्हापुरात वर्षभर कुठं ना कुठं मोफत आरोग्य शिबिर चालूच असतं. गणपती असू दे, शिवजयंती असू दे, नाहीतर एखाद्या इच्छुकाचा वाढदिवस असू दे, तालमीच्या दारात मांडव पडतो, दोन टेबलं लागतात, वजनकाटा, बीपीचं मशीन, बोटाला टोचून शुगर, आणि आत पडद्यामागं ईसीजी. सगळ्यात मोठी रांग ईसीजीलाच असते. माणूस ती पट्टी घडी करून खिशात घालतो आणि घरी जाऊन सांगतो, हार्ट एकदम ओके हाय, कायबी काळजी नाही. आणि मग संध्याकाळी निवांत मिसळीवर कट वाढवून घेतो.

आता ह्यात गंमत अशी की आराम करताना काढलेला ईसीजी हृदयाची त्या घडीची विजेची हालचाल दाखवतो. झटका येऊन गेलाय का, ठोके वाकडेतिकडे पडतायत का, एवढं कळतं. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत वीस वर्षं काय साठत आलंय ते त्या पट्टीवर उमटत नाही. ते साठून झटका येण्याची शक्यता किती आहे हे सांगणारी साधी रक्ताची तपासणी आहे, लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आणि चरबीचा हिशोब, काहीशे रुपयांत होते, आणि नेमकी तीच बहुतेक शिबिरात नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की ती असायला पाहिजे, चाळिशीची वाट न बघता अठराव्या वर्षापासून असायला पाहिजे, आणि रिपोर्ट आल्यावर टोटल कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडं बघून 'चालतंय की' म्हणायचं बंद व्हायला पाहिजे.

का, ते सांगायचं तर जरा आत शिरावं लागेल, कंटाळू नका.

कोलेस्टेरॉल हा मेणचट पदार्थ, शरीराला त्याची गरज आहेच, प्रत्येक पेशीच्या पडद्यात तो लागतो, काही हार्मोन त्याच्यापासून बनतात, पित्त बनतं. पण तो पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून शरीर त्याला गुंडाळून पाठवतं, बाहेरनं प्रथिनं आणि फॉस्फोलिपिडचं वेष्टन, आत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साध्या चरबीचा माल. ह्या कणाला म्हणायचं लिपोप्रोटीन. जेवणातली चरबी आतड्यातनं कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणातनं निघते. लिव्हर स्वतःचा माल व्हीएलडीएल नावाच्या कणात भरून सोडतं. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातलं ट्रायग्लिसराइड उतरवून घेतात, तसा कण लहान होत जातो, घट्ट होत जातो, त्याचं आयडीएल होतं आणि शेवटी एलडीएल. हे एलडीएल परत ओढून घ्यायचं काम मुख्यतः लिव्हरचं, त्याच्या पेशींवर त्यासाठी रिसेप्टर असतात. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघांनी अमेरिकेत डॅलसला 1970 च्या दशकात हे रिसेप्टर शोधून काढले आणि 1985 चं नोबेल घेतलं. त्यांनी काम सुरू केलं ते अशा लहान पोरांवरनं, ज्यांच्या घराण्यातच दोष असतो, रिसेप्टर चालतच नाहीत, एलडीएल जन्मापासून प्रचंड आणि शाळेच्या वयातच हार्ट अटॅक. आईबाप दोघांकडनं दोष आला तर असं भयंकर होतं, पण ते फार क्वचित. एकाकडनं आलेला दोष मात्र साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो, म्हणजे एखाद्या मोठ्या गल्लीत एक माणूस धरा, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो.

आता महत्त्वाचं. व्हीएलडीएल, आयडीएल, एलडीएल ह्या प्रत्येक कणावर अपोबी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. कण लहान असो मोठा असो, आत माल भरगच्च असो की थोडा, अपोबी एकच. म्हणून अपोबी मोजलं की कण किती आहेत ते कळतं. आणि धमनीला त्रास होतो तो कणांच्या संख्येनं. गाळप हंगामात रस्ता जाम होतो तो उसाच्या ट्रॉल्या किती आल्या त्यावर, एकेका ट्रॉलीत किती टन ऊस आहे ते पोलीसमामा विचारत बसत नाही, तसंच आहे हे. आपण मात्र रिपोर्टमध्ये ऊसच मोजतोय.

हे कण धमनीच्या आतल्या अस्तरातनं भिंतीत शिरतात, साधारण 70 नॅनोमीटरच्या आतला अपोबीवाला कोणताही कण शिरू शकतो, आणि एलडीएल तर वीस-पंचवीसचंच असतं. बरेच परत बाहेर पडतात, पण काही तिथल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या जाळ्यात अडकतात. अडकले की खराब होतात, मग शरीराच्या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी येऊन त्यांना गिळतात, गिळून गिळून स्वतःच चरबीनं फुगतात आणि तिथंच मरतात, त्याच्यावर सूज येते, आणखी पेशी येतात, वरनं तंतूंची टोपी बसते, आत मऊ लगदा. हे झालं प्लाक. हा एक दिवस फुटला की रक्त तिथं गुठळी करतं आणि वाहिनी मिनिटांत बंद. बऱ्याचदा असा फुटणारा प्लाक आधी वाहिनी फार अडवत पण नसतो, म्हणून आदल्या दिवशी रंकाळ्याला तीन फेऱ्या मारलेला माणूस दुसऱ्या दिवशी जातो आणि लोक म्हणतात, अरे काल तर चांगला धडधाकट होता की! धडधाकट होताच तो, पण भिंतीच्या आत काय चाललंय ते चालण्यावरनं कळत नाही.

आणि हे सगळं पन्नाशीत सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी 1953 साली प्रसिद्ध झाली, सरासरी वय 22, आणि त्यातल्या 77 टक्के पोरांच्या धमन्यांत आजाराची काही ना काही खूण होती. सैन्यात भरती झालेली, पळणारी पोरं ही. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणारं पोरगं किंवा लाल मातीत घाम गाळणारा पैलवान बघून कुणाला वाटेल त्याचं लिपिड तपासावं? कुणालाच नाही, आणि तिथंच सगळी गडबड आहे.

पैलवानाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, हे कोल्हापुरात सांगायला नको. जोर-बैठका बंद, लंगोट खुंटीला, पण तूप, दूध, बदाम आणि आठवड्याला मटण चालूच, वरनं दुकानात नाहीतर सोसायटीत दिवसभर बसून काम. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला मी पण जातो, ते बंद करा असं मी म्हणणार नाही, मला कोल्हापुरात राहायचंय. पण हिशोब काय आहे तो तरी कळू दे. अंड्यातल्या पिवळ्या बलकाला लोक घाबरतात, एका बलकात साधारण 180 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं म्हणून. पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर बहुतेकांत तसा कमीच परिणाम होतो, अमेरिकेच्या आहार मार्गदर्शनातनं रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 नंतर काढून टाकली. जास्त परिणाम होतो सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे तूप-लोण्यासारख्या गोठणाऱ्या चरबीचा, कारण ती लिव्हरवरचे रिसेप्टर कमी करते, मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणजे पांढऱ्या रश्श्यात मटणाच्या अळणीला घाबरणारा माणूस त्यातल्या नारळाच्या दुधाला निरागस समजतो, तिथं चुकतं, कारण नारळातली बहुतेक चरबी सॅच्युरेटेडच आहे. आणि तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं ठळक छापलेलं बघून जो माणूस चार रुपये जास्त देतो त्याला कुणीतरी सांगा की शेंगदाणा असो, सूर्यफूल असो, करडई असो, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हणायला हरकत नाही.

बरं आता एक रिपोर्ट बघू. असला रिपोर्ट आपल्याकडं घरोघरी सापडतो. टोटल कोलेस्टेरॉल 212, एचडीएल (ज्याला लोक 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते) 38, ट्रायग्लिसराइड 260, एलडीएल 122. वय 36, पोट सुटलेलं, शुगर काठावर. टोटलसमोर छापलेलं असतं बॉर्डरलाइन, एलडीएलसमोर 'निअर ऑप्टिमल'. माणूस म्हणतो, बरं आहे की. आता टोटलमधनं एचडीएल वजा करा, 212 वजा 38, आले 174. ह्याला म्हणतात नॉन-एचडीएल, म्हणजे अपोबीवाल्या सगळ्या कणांत मिळून असलेलं कोलेस्टेरॉल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं 2024 मध्ये लिपिडबद्दल ज्या सूचना दिल्या त्यात साध्या, कमी धोक्याच्या माणसासाठी सुद्धा नॉन-एचडीएल 130 च्या आत असावं असं सांगितलंय. हा गडी 174 वर बसलाय आणि खूश आहे.

असं का होतं? तर बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, 1972 सालच्या फ्रीडवाल्डच्या सूत्रानं काढतात: टोटलमधनं एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. वर करून बघा, 212 वजा 38 वजा 52, बरोबर 122. ट्रायग्लिसराइड वाढलं की हे सूत्र ढिलं पडायला लागतं, 400 च्या वर तर वापरायचंच नाही. दुसरं, ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसात एलडीएलचे कण बारीक होतात, प्रत्येकात माल कमी, म्हणून एलडीएलचा आकडा साधा दिसतो पण कणांची संख्या भरपूर. पोट सुटलेला, शुगर काठावर, ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, हा तर आपला भारतीय नमुनाच आहे. म्हणजे ज्या आकड्यावर आपण विसंबतो तो नेमका आपल्यासारख्यांनाच फसवतो. नॉन-एचडीएलला वेगळा पैसा लागत नाही, वेगळं रक्त लागत नाही, एक वजाबाकी आहे, चौथीतलं पोरगं करेल. तरी काही रिपोर्टवर ती छापलेली नसते आणि छापली तरी कुणी बघत नाही.

एचडीएलचं कौतुक पण जरा कमी करायला पाहिजे. एचडीएल जास्त आहे म्हणून एलडीएल चालतंय, असं सांगणारे डॉक्टर सुद्धा मी ऐकलेत. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे हे खरं, पण औषधानं ते वाढवून फायदा होतो का हे तपासून झालंय. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या गोळीनं एचडीएल सुमारे 72 टक्के वाढलं, 15,000 लोकांवरची चाचणी होती, आणि डिसेंबर 2006 मध्ये ती मध्येच थांबवावी लागली कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन नावाच्या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांतनं पण स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांच्या वर काही हाती लागलं नाही. त्यामुळं एचडीएलच्या आकड्याला पुण्य समजून दुसऱ्या बाजूचं पाप त्यात वळतं करून घेऊ नका.

आता जे लोक म्हणतात की कोलेस्टेरॉलचं सगळं थोतांड आहे, औषध कंपन्यांचा धंदा आहे, त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. अमेरिकेत 2009 साली हृदयविकारानं दवाखान्यात भरती झालेल्या एक लाखाहून जास्त लोकांची नोंद तपासली, तर जवळपास निम्म्यांचं एलडीएल 100 च्या आत होतं. मग कोलेस्टेरॉलचा काय संबंध, असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सवाल. मुद्दा फालतू नाही, पण निष्कर्ष चुकीचा. एक तर त्यातले बरेच आधीपासनं गोळ्या खात होते, दुसरं अटॅकनंतर एलडीएल तात्पुरतं उतरतं, तिसरं त्या लोकांत एचडीएल कमी असणारे भरपूर होते म्हणजे परत कणांचाच गोंधळ, आणि तंबाखू, बीपी, शुगर भिंतीचं नुकसान करतात ते वेगळंच. मावा मळत मळत एलडीएलवर चर्चा करणारे लोक मी बिंदू चौकात रोज बघतो, त्यांना हात जोडून सांगतो, आधी ती पुडी टाका.

आणि कारण-परिणाम सिद्ध करायला एक जास्त चांगला पुरावा निसर्गानंच दिलाय. काही माणसांत पीसीएसके9 नावाचं जनुक जन्मापासनंच बिघडलेलं असतं, त्यामुळं रिसेप्टर जास्त टिकतात आणि एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. 2006 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत हे बघितलं, ज्यांच्यात असा बदल होता त्यांचं एलडीएल सरासरी 28 टक्के कमी, आणि हृदयविकार 88 टक्के कमी. त्यांनी ना गोळी घेतली होती, ना खास पथ्य पाळलं होतं. स्टॅटिन गोळ्यांच्या चाचण्यांत एलडीएल साधारण 39 मिलिग्रॅमनं (डेसिलिटरमागं) उतरवलं तर मोठे झटके पाचेक वर्षांत एक पंचमांशानं कमी होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. थोडंच कमी पण जन्मापासनं, त्याचा फायदा साठीत जाऊन खूप कमी करण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मी अठरा वर्षाचा हट्ट धरतोय. हृदयरोग तज्ज्ञांच्या त्याच 2024 च्या सूचनेत पहिली तपासणी अठराव्या वर्षी करा, घरात इतिहास असेल तर त्याच्याही आधी करा, असंच म्हटलंय, आणि साध्या तपासणीला उपाशी पोटाची गरज नाही असंही. म्हणजे सकाळी मिसळ खाऊन आलेला पण चालतो. शिबिरवाल्यांची सगळ्यात मोठी सबब गेली.

अठरा वर्षाच्या पोराला गोळ्या चालू करणार काय, असं लगेच विचारतील. नाही हो. बहुतेकांना खाणं, तंबाखू, वजन एवढ्यावरच बोलायचं आहे. पण त्या अडीचशेतल्या एकाला वेळेत पकडायचं असेल तर रक्त काढावंच लागतं, तो चेहऱ्यावरनं ओळखू येत नाही. आणि ज्याला गोळी लागते त्यानं ती घ्यावी. स्टॅटिन लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, मग लिव्हर रिसेप्टर वाढवून रक्तातनं एलडीएल ओढून घेतं. जपानच्या अकिरा एन्डो नावाच्या माणसानं हजारो बुरश्या तपासून पहिलं स्टॅटिन 1973 साली बुरशीतनंच काढलं. अंग दुखतं म्हणून गोळी सोडणारे लई आहेत. काहींना खरंच स्नायूंचा त्रास होतो, शुगर थोडी वाढू शकते, हे लपवायचं कारण नाही. पण लंडनमध्ये अशाच गोळी सोडलेल्या 60 लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही असं देऊन बघितलं, 2020 साली निकाल आला, तर जो त्रास ते सांगत होते त्यातला 90 टक्के त्रास खोट्या गोळीवर पण होत होता. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे तर विचारूच नका, अहो गोळीमुळंच नॉर्मल आलाय तो.

एक आकडा असा आहे जो खाण्यानं हलत नाही, व्यायामानं हलत नाही: लिपोप्रोटीन ए. एलडीएलसारखाच कण, त्याला आणखी एक प्रथिन चिकटलेलं, पातळी जवळजवळ पूर्ण आईबापाकडनं आलेली. आपल्याकडं साधारण चार-पाच माणसांत एकाची पातळी 50 मिलिग्रॅमच्या वर असते. आयुष्यात एकदा मोजलं की झालं. ही तपासणी महाग पडते, सगळ्यांना शिबिरात करा असं म्हणणं माझ्या पण जिवावर येतं. पण ज्या घरात कुणी पंचावन्नच्या आत अटॅकनं गेलंय त्या घरातल्या भावाबहिणींची आणि पोरांची तरी करा की. दहाव्याला भावकी सगळी एका ठिकाणी जमते, कावळा शिवायची वाट बघत दोन तास बसते, त्या वेळेत कुणी एवढं सांगितलं तर काय बिघडतंय.

राहिला सरकारचा भाग. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 30 वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर अशी तपासणी आहे. आशाताई घरोघरी फिरून फॉर्म भरतात, तंबाखू खाता का, कंबर किती, सगळं विचारतात. ह्या यादीत कोलेस्टेरॉल नाही. शुगरसारखं सहज बोटाला टोचून होत नाही, लॅब लागते, पैसा लागतो, माणूस कमी आहे, ही कारणं मला पटतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनवर आधीच किती ओझं आहे ते बघितलंय. पण ज्याची शुगर किंवा बीपी जास्त निघालं त्याचं तरी लिपिड आपोआप व्हावं, आणि कंबर जास्त निघाली त्याचं पण, एवढ्यापासनं सुरुवात करता येते. गोळी स्वस्त आहे, अटोरवास्टॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, जनऔषधीत आणखी स्वस्त मिळतं. गोळी स्वस्त आणि ती कुणाला लागते हे शोधायलाच कुणी तयार नाही, हा कसला कारभार?

आणि मंडळांनी पैशाचं कारण तर सांगूच नये. विसर्जनाच्या एका रात्रीच्या डॉल्बीला आणि लाइटला जेवढे जातात त्यात पेठेतल्या सगळ्या पोरापोरींचं लिपिड प्रोफाइल होऊन वर वडापाव वाटता येईल. पोरींचं पण, हे मुद्दाम लिहितोय, कारण शिबिरात बायका नोंदणीच्या टेबलावर बसतात आणि तपासून घेणारे सगळे बाप्ये, आणि पाळी गेल्यावर बाईचं एलडीएल वाढतं हे घरात कुणाच्या गावीच नसतं. फक्त रिपोर्ट वाटून फोटो काढून मोकळे होऊ नका, पुढच्या रविवारी एक डॉक्टर बसवा, आणि प्रत्येक कागदावर पेनानं ती वजाबाकी करून नॉन-एचडीएल लिहून द्या, 130 च्या वर असेल त्याच्याभोवती गोल करा. ईसीजीचं मशीन परवडत नसेल तर त्या वर्षी ते नाही आणलं तरी चालेल.